आत्याला घ्यायला स्टेशनवर कोण गेलं होतं?

"ताई, नमस्कार. आम्ही कळव्याला वन बीएचकेमध्ये राहतो. मी, बायको, आई आणि आता दोन महिन्यांची मुलगी. बाळंतपणासाठी सासूबाईही आलेल्या आहेत. मागच्या महिन्यात बारसं केलं. मिरजेहून मोठी आत्या आणि आतोबा आले. बारावीनंतर चार वर्षं मी आत्याकडे राहून शिकलो, त्यामुळे ती येणार याचा फार आनंद होता. घरात झोपायला जागा नाही म्हणून ठाणे स्टेशनजवळच्या एका हॉटेलात ॲपवरून दोन रात्रींसाठी खोली घेतली. ३,२०० रुपये आगाऊ भरले. फोटो छान होते. गाडी पहाटे आली, मी लोकेशन पाठवलं होतं. बुकिंग माझ्या नावावर म्हणून काउंटरवाला आधी खोलीच देईना. मग म्हणाला बाराला चेक-इन, बसून राहा. शेवटी लवकर चेक-इनचे म्हणून आतोबांकडून ५०० रुपये रोख घेतले, पावती नाही. खोलीला खिडकी नाही, भिंतींना ओल, चादरीवर डाग, गरम पाणी नाही, खाली बार, त्याचा रात्री उशिरापर्यंत गोंगाट. सकाळी आतोबांच्या हातावर गांधी उठलेल्या. बारसं झालं आणि दुसरी रात्र न राहता दोघं रात्रीच्या गाडीने परत गेले. 'बाळाला झोप हवी' एवढंच आत्या म्हणाली. ॲपवाले म्हणतात बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे, हॉटेलवाले म्हणतात ॲपला विचारा. बायको म्हणते सोडून द्या. पंधरा दिवस झाले, आत्याला फोन करायला तोंड नाही. पैसे मिळाले की ते तिला पाठवून माफी मागावी असं वाटतं. पैसे कसे मिळवू?"

नमस्कार. पैशांचं उत्तर देते, सविस्तर देते. पण त्याआधी एक काम हे वाचून झाल्या झाल्या करायचं आहे. आत्याला फोन लावा आणि सांगा की हॉटेलात नेलेली बॅग घरात कपाटाशेजारी किंवा पलंगाखाली ठेवली असेल तर आधी बाहेर काढा.

आतोबांच्या हातावरच्या गांधी डासांच्याही असू शकतील. पण डागाळलेली चादर, कोंदट खोली आणि सकाळी उठल्यावर हातावर गांधी, हे तिन्ही एकत्र आलं की मी पहिला संशय ढेकणांवर घेते. गांधी एका ओळीत किंवा पुंजक्याने उठल्या होत्या का, ते आतोबांना विचारा. ढेकूण बऱ्याचदा तसा चावतो. तो गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या फटीत राहतो, आणि बॅगेच्या शिवणीत बसून गावोगाव जातो. उपाशीपोटी तो महिनोन्महिने काढू शकतो. अंडी साधारण आठवडा-दीड आठवड्यात फुटतात, म्हणजे तुमचे हे पंधरा दिवस नेमके वाया गेले आहेत. ढेकणांनी रोग पसरत नाही, त्यामुळे घाबरवू नका. पण एकदा का ते घरात शिरले की त्यांना हुसकायला फार पैसा आणि मनस्ताप लागतो, आणि तोही दोन म्हाताऱ्या माणसांना.

प्रवासातले सगळे कपडे, न वापरलेलेसुद्धा, चांगल्या कढत पाण्यात धुवायचे. साठ अंशांच्या पाण्यात ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. बॅग गच्चीवर किंवा अंगणात नेऊन शिवणी, चेनच्या कडा आणि आतलं अस्तर कडक ब्रशने घासायचं, मग ती मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून घराबाहेरच ठेवायची. नुसत्या उन्हावर भिस्त ठेवू नका, ऊन शिवणीच्या आतपर्यंत पोहोचत नाही. आणि गादीची कड उलटून बघायला सांगा. काळे बारीक ठिपके दिसले तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं, आणि ते पैसे तुम्ही द्यायचे.

फोन करायला तोंड नाही असं तुम्ही लिहिलंत. आता कारण मिळालं आहे, आणि ते खरं आहे.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही त्याबद्दल. तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी एका वाक्याशी थांबले: "गाडी पहाटे आली, मी लोकेशन पाठवलं होतं." बाकी सगळं तुम्ही तपशिलात लिहिलंत. ओल, डाग, बार, पाचशे रुपये. हे मात्र एका ओळीत उरकलंत. कळव्याहून ठाणं एकच स्टेशन. तुम्ही रात्रभर बाळाला घेऊन फेऱ्या मारत असाल, डोळा लागला असेल, हे मला कळतं. दोन महिन्यांचं मूल असलेल्या घरात पहाट कशी असते ते सांगायला नको. पण मिरजेहून रात्रभर प्रवास करून सत्तरीकडे झुकलेली दोन माणसं ठाण्याला उतरली, पुलावरच्या गर्दीतून बॅगा सांभाळत बाहेर आली, रिक्षावाल्याला मोबाइलवरचा नकाशा दाखवला, आणि मग एका अनोळखी काउंटरवर त्यांना सांगितलं गेलं की बुकिंग तुमच्या नावावर नाही. तुमच्या आत्याला त्या क्षणी काय वाटलं असेल ते ठरवण्याचा अधिकार मला नाही. मला एवढं दिसतं की भिंतीची ओल हा तिच्यासाठी नंतरचा भाग होता. तिथे तुम्ही उभे असतात तर खोली वाईट निघाल्यावर तिने स्वतःच म्हटलं असतं, "चल रे, तुझ्या घरी हॉलमध्ये सतरंजीवर झोपू."

ज्या घरात तुम्ही चार वर्षं राहिलात तिथे तुम्हाला वेगळी खोली होती का? मिरजेतल्या साध्या घरात बहुधा नसणार. ताटात वाढलं गेलं आणि अंथरूण पसरलं गेलं, एवढंच. त्यामुळे "जागा नाही" हे कारण आत्याच्या कानाला वेगळं ऐकू आलं असणार. तुमची चूक आहे असं मी म्हणत नाही. कळव्याच्या तीन-साडेतीनशे फुटांत पाच माणसं आणि त्यात ओली बाळंतीण, तिथे आणखी दोघं मावत नाहीत, हे खरंच आहे. पण ही अडचण आत्याला कोणी समजावून सांगितली का? की हॉटेलचा पत्ता थेट फोनवर गेला? पत्रावरून मला दुसरी शक्यताच खरी वाटते.

माझ्याकडे मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती तेव्हा मीही असंच केलं होतं. आमचं घर नौपाड्यात, चौथा मजला, लिफ्ट नाही. तिला चढायला नको म्हणून जवळच लॉजवर खोली घेतली. खोली बरी होती, स्वच्छ होती. तरी दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "डबा घेऊन आलीस आणि पाच मिनिटांत गेलीस." हेतू चांगला होता, सोयही झाली होती. पण माझी पाच मिनिटं तिच्या लक्षात राहिली. त्या रात्री मी चादर-उशी घेऊन तिच्या खोलीत झोपायला गेले. जायला पहिल्याच रात्री हवं होतं.

म्हणून पैसे पाठवून माफी मागण्याचा तुमचा बेत मला पटत नाही. आत्याच्या हातात ३,२०० रुपये ठेवलेत तर तिला वाटेल, हिशोब मिटवतोय. आतोबांचे ते ५०० मात्र आजच परत करा. ते त्यांच्या खिशातून गेलेत आणि परताव्याची वाट बघायचं काही कारण नाही. बॅगेचं सांगून झालं की माफी मागा, आणि माफी मागताना हॉटेलचा विषय काढू नका. "आत्या, मी स्टेशनवर यायला हवं होतं, आलो नाही," इथून सुरुवात करा आणि पुढे थांबा. बाळाची रात्र, ऑफिस, बायकोची तब्येत, सगळी कारणं खरी असली तरी पहिल्या फोनमध्ये ती सांगू नका. तिने विचारलं तर सांगा. आणि बायकोला शेजारी बसवून स्पीकरवर बोलायचं नाही. हे तुमचं आणि आत्याचं आहे.

आता पैसे. बायको सोडून द्या म्हणते, त्यामागचा थकवा मला समजतो. तरी माझं मत आहे की तक्रार करावी. त्याच खोलीत उद्या आणखी कोणाची तरी आत्या झोपणार आहे.

आधी हे कसं घडतं ते समजून घ्या, म्हणजे कोणाशी भांडायचं ते कळेल. बहुतेक ॲपवाल्यांचं स्वतःचं हॉटेल नसतं. इमारत लॉजमालकाची, माणसं मालकाची. ॲप गिऱ्हाईक आणून देतं आणि कमिशन घेतं. फोटो बहुधा त्यातल्या त्यात बऱ्या खोलीचे आणि रंगकाम ताजं असतानाचे. स्टेशनजवळच्या जुन्या इमारतींत एकेका मजल्याचे तुकडे पाडून जास्तीत जास्त खोल्या काढलेल्या असतात. मधल्या खोल्यांच्या वाट्याला खिडकी येत नाही, आली तरी डक्टकडे तोंड करून असते. बाथरूमची वाफ बाहेर जायला वाट नाही, मग भिंत कधी सुकतच नाही. एसी लावला तरी उपयोग नाही, कारण साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. गरम पाणी बऱ्याच लॉजवर ठरावीक वेळेपुरतंच असतं. आणि काही गडबड झाली की ॲप हॉटेलकडे बोट दाखवतं, हॉटेल ॲपकडे. तुम्ही नेमके त्या मधल्या जागेत अडकला आहात.

पण कायद्याने ती जागा रिकामी ठेवलेली नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा, लागू झाला २० जुलै २०२०ला. पैसे तुम्ही भरले आणि खोली तुमच्या संमतीने आत्या-आतोबांनी वापरली, तेव्हा या कायद्याने तुम्हीही ग्राहक आणि तेही ग्राहक. दाखवली एक खोली आणि दिली दुसरी, ही सेवेतली त्रुटी आहे, शिवाय दिशाभूल करणारी जाहिरातही. "नॉन-रिफंडेबल" ही अट तुम्ही ऐनवेळी बेत बदललात तर लागू होते. कबूल केलेलं दिलंच नाही तर त्या शब्दाआड लपता येत नाही, असं माझं ठाम मत आहे आणि तक्रारीत तेच लिहा.

आज रात्री बाळ झोपल्यावर अर्धा तास काढा. ॲपवर त्या हॉटेलचं पान उघडून सगळ्या फोटोंचे आणि सुविधांच्या यादीचे स्क्रीनशॉट घ्या. "२४ तास गरम पाणी" असं लिहिलेलं असेल तर ते तुमचं सगळ्यात मोठं हत्यार, आणि ते उद्या तिथून गायब होऊ शकतं. पैसे गेल्याचा मेसेज, बुकिंगची मेल, ॲपशी झालेलं चॅट एका जागी ठेवा. खोलीचे फोटो आत्या-आतोबांनी काढले असतील तर उत्तमच, पण पहिल्याच फोनमध्ये ते मागू नका. चार दिवसांनी आतेभावामार्फत मागवा.

मग चॅटवाल्या मुलाशी हुज्जत न घालता ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ॲपवर किंवा वेबसाइटवर द्यावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. मजकूर लहान ठेवा: तारीख, बुकिंग नंबर, काय दाखवलं, काय मिळालं, पावतीशिवाय घेतलेले ५००, न वापरलेली दुसरी रात्र, आणि किती रक्कम परत हवी. राग असला तरी विशेषणं नकोत. एक गोष्ट आधीच सांगते, ते बहुधा पुढच्या बुकिंगसाठी कूपन देऊ करतील. घेऊ नका. ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात परत हवेत असं कळवा.

हॉटेलकडून बिल मागा, जीएसटी नंबरसकट. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५पासून पाच टक्के जीएसटी आहे, आधी बारा होता. तुमच्या बिलात बारा लावलेला दिसला तर तोही मुद्दा तक्रारीत घ्या. बिल देत नाहीत म्हणाले तर तेच लेखी मागा; नकारसुद्धा पुरावा असतो.

महिनाभरात काही हललं नाही तर १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण तक्रार कंपनीसमोर ठेवतात आणि तिथे बऱ्याचदा कंपन्यांची भाषा बदलते. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे तुमच्यासाठी ठाणे जिल्हा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतो, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. लिहिताना अडखळलात तर मुंबई ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते मार्गदर्शन करतात. १९७५पासून हे काम करत आलेली संस्था आहे. खोलीच्या अस्वच्छतेबद्दल ठाणे महापालिकेच्या आरोग्य विभागाला वेगळं पत्र द्या. एक पान पुरे.

खरं सांगायचं तर ३,२०० रुपयांसाठी आयोगापर्यंत जाणं मी तुम्हाला या महिन्यात सुचवणार नाही. घरात तान्हं बाळ आहे. तक्रार अधिकारी आणि १९१५ एवढं नक्की करा, पुढचं बाळाचा पहिला हिवाळा गेल्यावर ठरवा. मुदत आहे.

आणि पुढच्या वेळचं. आत्या पुन्हा येईलच, बाळाचं जावळ आहे, वाढदिवस आहे. तेव्हा मला सुचतं ते असं की पाहुण्याला घरात ठेवा आणि घरातल्या माणसाने बाहेर जावं. आत्या तुमच्या आईशेजारी, सासूबाईंशेजारी बाळाजवळ झोपू दे. ती त्यासाठीच येते. तुम्ही आणि आतोबा बाहेर झोपा. तेही हॉटेलातच पाहिजे असं नाही. सोसायटीत कोणाचा ना कोणाचा फ्लॅट रिकामा असतो, कोणी गावी गेलेलं असतं, समोरच्या काकूंच्या हॉलमध्ये दोन गाद्या पडतात. आपल्याकडे लग्नकार्याला पाहुणे असेच चार घरांत झोपत आले. विचारायला संकोच वाटतो, मान्य. पण बारशाच्या पेढ्यांचा बॉक्स द्यायला गेलात तेव्हाच विचारता आलं असतं.

हॉटेल घ्यावंच लागलं तर खोली जो राहणार त्याच्या नावावर घ्या. गाडी पहाटे येणार असेल तर आदल्या रात्रीपासून बुकिंग करा, नाहीतर बारापर्यंत सोफ्यावर बसणं आलंच. ॲपवरचे वरचे फोटो सोडा, लोकांनी स्वतः टाकलेले गेल्या दोन-तीन महिन्यांतले फोटो आणि सगळ्यात कमी तारे देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा. हॉटेलवर थेट फोन करून विचारा की खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का, खाली परमिट रूम आहे का. तुम्ही तर कळव्यात राहता. ऑफिसातून येताना ठाण्याला उतरून खोली डोळ्यांनी बघून यायला वीस मिनिटं. गादीची कड उलटून बघा, नळ सोडून बघा. "ॲपवरचं कॅन्सल करा, रोख द्या, स्वस्तात देतो" असं काउंटरवर म्हणाले तर ऐकू नका. बुकिंग पुसलं गेलं की तक्रारीला आधारच राहत नाही.

पुढच्या वेळी आत्याला एक पूर्ण संध्याकाळ द्या. तलावपाळीला घेऊन जा, कोपिनेश्वराचं दर्शन घ्या, मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसा आणि मिरजेतली ती चार वर्षं तिच्या तोंडून ऐका. तुमच्या पत्रात त्या वर्षांबद्दल एकच ओळ आहे, तिच्याकडे बरंच असेल.

तिकिटं तुम्हीच काढा, सीनिअर माणसांना खालचा बर्थ मिळतोय ना ते बघा. गाडी ठाण्याला पोहोचायच्या तासभर आधीचा गजर लावा आणि तो फोन उशाशी न ठेवता दाराजवळ ठेवा. कळव्याहून पहाटेच्या लोकलने एकच स्टेशन आहे. डबा क्रमांक आधी विचारून घ्या, म्हणजे आतोबांनी दारातून बॅग पुढे केली की घ्यायला तुम्ही असाल.